प्रवासाची शिदोरी : बोट धक्क्याला आहे तोंवर

आमच्याच बीड जिल्ह्यांतील एका वाचक भगिनीचें पत्र समोर आहे. सासू-सासरे, दीर-जाऊ, मुलें धरून त्यांच्या घरचीं आठ माणसें येत्या हिवाळ्यांत मुंबईहून जलसफरीच्या मोठ्या बोटीनें निघणार आहेत, आणि ती बोट वाटेंत दोन बंदरांना लागणार आहे. भगिनी लिहितात, "बोटीवरची काळजी बोटवाले घेतील. पण अनोळखी बंदरांत उतरल्यावर त्या सात-आठ तासांत करावें काय? आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात, तेव्हां त्यांना उतरवावें कीं बोटीवरच विसांवा घेऊं द्यावा?"

हे दोन प्रश्न आहेत असें प्रथम वाटतें. ते एकच आहेत, हें मला माझ्या चुकीनें शिकविलें. ती चूक येथें सांगतों. उत्तर तींतच आहे.

आम्हां केजकरांना समुद्र ऐकूनच माहीत. आमच्या तालुक्यांत पाण्याचा सर्वांत मोठा विस्तार म्हणजे धनेगांवचें मांजरा धरण, आणि दुष्काळाच्या वर्षीं तेंहि तळ दाखवितें. आजोबांच्या काळीं, म्हणजे १९४८ पर्यंत, हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. मोठें शहर म्हणजे हैदराबाद, आणि तेथेंहि समुद्र नाहीं. त्यांतून समुद्रप्रवास कलिवर्ज्य मानण्याची जुनी समजूत. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी अमेरिकेस निघाल्या तेव्हां केवढा गदारोळ झाला हें आपण सर्वांनीं वाचलें आहे. तात्पर्य, समुद्रावर कसें वागावें याचें वळण आम्हांला वडिलोपार्जित मिळालेलें नाहीं; तें ठेंच लागूनच शिकावें लागतें.

दोन वर्षांपूर्वीं हिवाळ्यांत आम्ही सात जणांनीं असाच प्रवास केला. मी, माझी पत्नी, धाकटे बंधु, त्यांची पत्नी, त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा, औषधनिर्माणशास्त्र शिकणारी माझी मुलगी, आणि आमच्या काकू. काकूंचें वय चौऱ्याहत्तर. आई गेल्यावर आम्हां दोघां भावांना त्यांनींच वाढविलें. त्यांनीं समुद्र पूर्वी कधीं पाहिला नव्हता, आणि सफरीला त्यांना न्यावयाचें हें घरांत सर्वांनीं एकमतानें ठरविलें होतें. मात्र तेथें गेल्यावर त्यांना काय हवें, हें कोणीच विचारलें नव्हतें.

पहिलें बंदर मुरगांव. बोट सकाळीं आठाला धक्क्याला लागली. दुपारीं चारच्या आंत परत चढावयाचें होतें. मीं आदल्या रात्रीं यादी केली : मंगेशी, शांतादुर्गा, जुन्या गोव्यांतील चर्च, पणजी, कळंगुटची चौपाटी, आणि काजूची खरेदी. नकाशावर हीं सर्व ठिकाणें बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर दिसत होतीं. प्रत्यक्षांत सात माणसांचा चहा, औषधें आणि एका हरवलेल्या चष्म्याचा शोध आटोपून धक्का सोडावयासच दहा वाजले. मंगेशीचें दर्शन झालें. शांतादुर्गेच्या देवळांत हात जोडतांना माझें अर्धें लक्ष घड्याळाकडे होतें. पुढें प्रत्येक ठिकाणीं पायऱ्या आणि ऊन पाहून "काकूंना गाडींतच बसूं द्या" असें मींच सांगितलें. एकदां नव्हे, तीनदां. चौपाटी टळली, काजू टळले नाहींत. परततांना रस्ता वाहनांनीं तुंबला. धक्क्यावर पोहोंचलों तेव्हां चारला पांच मिनिटें कमी होतीं, पत्नीचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि उशीर कोणामुळें झाला यावरून आम्ही दोघे भाऊ मुलांदेखत भांडत होतों.

रात्रीं जेवणाच्या टेबलाशीं कोणी कोणाशीं बोलेना. तेव्हां काकूच बोलल्या. त्यांच्या आवाजांत तक्रार नव्हती. त्या म्हणाल्या, "काल संध्याकाळपासून मी समुद्रावर आहें, पण समुद्राला माझा हात कांहीं लागला नाहीं. या बोटीचा कठडा पाण्यापासून चार मजले उंच. आपल्या धरणांत निदान पाय तरी बुडवितां येतात."

आम्ही सहा जणांनीं सहा ठिकाणें निवडलीं होतीं. सातव्या माणसाची मागणी सर्वांत जवळची, सर्वांत स्वस्त आणि अर्ध्या तासांत पुरी होणारी होती. तेवढीच आमच्या यादींत नव्हती.

पुढचा दिवस बोट समुद्रांतच होती, आणि त्यानंतर कोचीचें बंदर यावयाचें होतें. त्या मधल्या दिवशीं माझ्या पत्नीनें यादी माझ्या हातून काढून घेतली. सात चिठ्ठ्या केल्या आणि प्रत्येकाला एकच गोष्ट लिहावयास सांगितली. काकूंनीं लिहिलें, "समुद्राला हात." पत्नीनें देऊळ लिहिलें, बंधूंनीं जुना राजवाडा, भावजयीनें मिरीं आणि सुंठ, पुतण्यानें माशांचीं मोठीं चिनी जाळीं. मुलीनें लिहिलें, "जेथें तें वनस्पतींचें पुस्तक तयार झालें तें गांव." मीं कांहींच लिहिलें नाहीं, वेळ सांभाळण्याचें काम पत्करलें. चिठ्ठ्या जुळवून पाहिल्या तों सर्व गोष्टी एकाच बाजूला, एकमेकींपासून थोड्या अंतरावर निघाल्या. विचारल्यानें काम वाढेल अशी मला भीति होती. प्रत्यक्षांत तें कमी झालें.

कोचीचें बंदर हेंच एक पाहण्यासारखें प्रकरण आहे. १३४१ च्या सुमारास पेरियार नदीला महापूर आला, जुनें मुजिरिसचें बंदर गाळानें भरलें आणि कोचीचें मुख मोकळें झालें, असें मानतात. तरी त्या मुखाशीं वाळूचा आडवा बांध होता आणि मोठ्या आगबोटी बाहेर समुद्रांतच उभ्या राहत. रॉबर्ट ब्रिस्टो नांवाचा इंग्रज इंजिनियर १९२० सालीं तेथें आला. त्यानें तो बांध खणून काढण्याचें काम हातीं घेतलें. १९२८ सालीं 'पद्मा' नांवाची आगबोट नव्या वाटेनें आंत शिरली. जो गाळ उपसला त्यांतून विलिंग्डन बेटाची बरीचशी जमीन तयार झाली. आज प्रवासी बोटी याच बेटाला लागतात. म्हणजे बोटीवरून उतरणारा माणूस पहिलें पाऊल ठेवतो तें समुद्राच्या तळच्या मातीवर. बेटावरून पूर्वेस एर्नाकुलम शहर आणि पश्चिमेस मट्टांचेरी व फोर्ट कोची. दोन्ही बाजू एका दिवसांत उरकण्याचा मोह टाळावा. पहिल्यानें जाणाऱ्यानें पश्चिमेचीच वाट धरावी.

केरळांतील देवळें बहुधा दुपारीं बंद होतात, म्हणून आम्ही प्रथम देऊळ गांठलें. मट्टांचेरीच्या चेर्लाई भागांत तिरुमल देवस्वमाचें व्यंकटेशाचें देऊळ आहे. तें गौड सारस्वतांचें. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांच्या जाचामुळें ज्या सारस्वत घराण्यांनीं गोवा सोडला, त्यांपैकीं कांहीं दक्षिणेस येऊन येथें स्थिरावलीं. कुशस्थळीचा मंगेश १५६० सालीं प्रियोळास हलविला गेला, तोच हा काळ. गोव्यांत जी गोष्ट आम्ही धांवत पाहिली होती, तिचा दुसरा अर्धा भाग येथें निवांतपणें पाहावयास मिळाला. देवळांत पुरुषांना सदरा व गंजीफ्रॉक उतरवून जावें लागतें. पुतण्या प्रथम संकोचला, पण काकूंनीं "मुंजींत असाच उभा होतास" असें म्हणतांच हंसत आंत गेला.

आवारांत एक वृद्ध बाई काकूंच्या शेजारीं टेंकल्या होत्या. त्या कोंकणी बोलत होत्या, काकू मराठी. निम्में समजे, निम्में हातवाऱ्यांनीं भागे. मध्येंच त्या बाईंनीं नातीजवळ 'उदक' मागितलें आणि काकू चमकल्या. आपल्याकडे उदक हा शब्द संध्येच्या पळी-पंचपात्रांत, श्राद्धांत किंवा दान सोडतांना ऐकूं येतो. तहान लागली म्हणून कोणी उदक मागत नाहीं. तेथें तो रोजच्या तोंडांतला शब्द आहे. काकू दिवसभर तो शब्द मनाशीं घोळवीत होत्या.

मुलीनें जें पुस्तक म्हटलें होतें त्याचें नांव 'हॉर्टस मलबारिकस'. कोचीन त्या काळीं डचांच्या ताब्यांत होतें. हेंड्रिक व्हान र्‍हीड या त्यांच्या अधिकाऱ्यानें मलबारच्या वनस्पतींचें लॅटिन भाषेंतील हें वर्णन सिद्ध करविलें. त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळांत अॅम्स्टरडॅमला छापले गेले. वनस्पतींची माहिती देणाऱ्यांत इट्टि अच्युतन हा मलयाळी वैद्य प्रमुख होता. त्याच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट हे तीन कोंकणी ब्राह्मणहि होते. या तिघांनीं आपण काय काम केलें याचा दाखला कोंकणींत, नागरी लिपींत लिहून दिला, आणि तो १६७८ च्या पहिल्या खंडांत जसाच्या तसा छापला गेला. नागरी अक्षरांच्या छपाईच्या अगदी आरंभींच्या नमुन्यांत त्याची गणना होते. मुलगी हें देवळाबाहेरच्या सावलींत सांगत होती, आणि आम्ही सर्व ऐकत होतों. तें पुस्तक कांहीं तेथें पाहावयास ठेवलेलें नाहीं. पण जें पाहावयाचें तें सर्व कांचेच्या कपाटांतच असतें असें नाहीं. ज्या गांवांत त्या तीन भटांनीं झाडपाल्याचे गुण सांगितले, त्याच गांवांत आपण उभे आहोंत एवढें तिला पुरेसें होतें.

पुढें मट्टांचेरीचा राजवाडा. तो सोळाव्या शतकाच्या मध्याला पोर्तुगीजांनीं बांधून कोचीनच्या राजाला दिला आणि १६६३ नंतर डचांनीं दुरुस्त केला. म्हणून त्याला डच राजवाडा म्हणतात. बाहेरून तो साधा दिसतो. आंत राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर रामायणाचे प्रसंग रंगविलेले आहेत, आणि तेथें बंधु जवळजवळ पाऊण तास हलले नाहींत. हा राजवाडा शुक्रवारीं बंद असतो. जवळच परदेशी ज्यूंचें १५६८ चें सिनेगॉग आहे. तें शनिवारीं बंद असतें आणि शुक्रवारीं लवकर मिटतें. आपल्या कोंकणांतील मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल लोकांना एकोणिसाव्या शतकांत धर्मशिक्षण देण्यासाठीं कोचीनहून शिक्षक येत, एवढें त्या दारावरून जातांना आठवावें. आम्ही आंत गेलों नाहीं. तें कोणाच्याच चिठ्ठीवर नव्हतें, आणि चिठ्ठीबाहेर पाऊल टाकावयाचें नाहीं असें ठरलें होतें. भावजयीनें त्या गल्लींत मिरीं-सुंठ घेतली. भाव तीन दुकानीं विचारून मग.

दुपारीं केळीच्या पानावर जेवलों. भात उकड्या, तांबूस, जाड दाण्याचा. आमटी-भाज्यांना खोबरेल तेलाचा वास. ज्यांना तो सोसत नाहीं त्यांनीं ताक-भात आणि केळीं घ्यावीं. निव्वळ शाकाहारी खाणावळ कोणती हें आधींच विचारून ठेवावें. भूक लागल्यावर शोध सुरू केला कीं घरांत मतभेद होतात.

शेवटीं फोर्ट कोची. तेथील सेंट फ्रान्सिस चर्चमध्यें वास्को द गामाला १५२४ सालीं पुरलें होतें. पुढें त्याच्या अस्थि पोर्तुगालला नेल्या. तें चर्च आम्ही बाहेरूनच पाहिलें. पुतण्याचीं चिनी जाळीं मात्र पोटभर पाहिलीं. लांकडी वाशांच्या टोंकाला भलें मोठें जाळें, दुसऱ्या टोंकाला दोरांनीं लोंबकळणारे दगड. चार-पांच माणसांनीं दोर ओढला कीं दगडांच्या भारानें जाळें पाण्यांतून वर उठतें. दोर ओढूं देतात, पण त्याचे पैसे काय हें आधीं ठरवून घ्यावें.

तेथील किनाऱ्यावर आतां वाळू फार थोडी उरली आहे, आणि बंदराचें मुख जवळ असल्यानें ओढ मोठी. पोहावयाचें नांव काढूं नये. आम्ही उथळ जागा पाहिली, दोन्ही बाजूंनीं काकूंचे हात धरले आणि त्यांना घोट्याएवढ्या पाण्यांत उभें केलें. लाट आली, साडीचा कांठ भिजवून गेली. त्यांनीं वांकून ओंजळ भरली, डोळ्यांना लावली, मग एक थेंब जिभेवर घेतला आणि म्हणाल्या, "उदकच आहे हो हें. पण फार खारट." एवढेंच. त्या तेथें वीस मिनिटें उभ्या होत्या. मीं पहिल्यानेंच घड्याळाकडे पाहिलें नाहीं. कारण वेळ हाताशीं होता. सांज व्हावयाच्या आधीं, साडेतीनलाच, आम्ही बोटीवर परत होतों, आणि बोट पांचला सुटावयाची होती.

आतां भगिनींच्या सोयीसाठीं अनुभवाच्या चार गोष्टी सांगतों. बोटीचें सुटण्याचें वेळापत्रक आणि उतारूंनीं परत चढण्याची शेवटची वेळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरी पहिलीच्या अर्धा-एक तास आधीं असते, आणि तीच खरी. तिच्याहि आधीं एक तास धक्क्यावर पोहोंचावें असें स्वतःशीं ठरवावें. बोटीनेंच काढलेल्या सहलीला उशीर झाला तर बोट बहुधा थांबते. स्वतंत्र गेलेल्या कुटुंबासाठीं थांबत नाहीं. बोटीवर रोज वांटतात त्या पत्रकावर बंदरांतील एजंटाचा दूरध्वनि असतो. त्याचें छायाचित्र प्रत्येकाच्या फोनमध्यें असावें, आणि वडील माणसांच्या पिशवींत तो कागदावर लिहिलेला असावा. बोटीचें ओळखपत्र, सरकारी ओळखपत्र आणि दिवसभराचीं औषधें अंगाबरोबरच न्यावीं. खोलींत ठेवूं नयेत.

दोन दिवस बोटीवर काढल्यावर जमिनीवर पाऊल ठेवतांच जमीनच डोलूं लागते. हा आजार नव्हे, पण म्हाताऱ्या माणसाचा तोल जाऊं शकतो. उतरल्यावर पांच मिनिटें बसावें, मग चालावें. उतरण्याच्या शिडीचा उतार भरती-ओहोटीप्रमाणें बदलतो. सकाळीं सोपी वाटलेली चढण दुपारीं उभी असूं शकते. आपल्याकडचें ऊन कोरडें. घाम येतो आणि वाळतो. किनाऱ्यावरच्या दमट हवेंत घाम वाळत नाहीं, म्हणून सावलींत बसूनहि शीण येतो. सुती कपडे, छत्री, शहाळें, आणि दर तासाला थोडी बैठक. ऑक्टोबर-नोव्हेंबरांत तेथें दुपारीं पाऊसहि येतो, म्हणून छत्री दोन्ही कामांची. दिवस मोकळा असेल आणि प्रकृति धड असेल तर एर्नाकुलम व फोर्ट कोची यांमधील सरकारी होडी, किंवा २०२३ सालीं कोचींत सुरू झालेली विजेवर चालणारी वॉटर मेट्रो, या दोन्ही स्वस्त व सुखाच्या आहेत.

परदेशीं बंदर असेल तर पारपत्र, व्हिसाचे नियम आणि घड्याळ हीं तीन पाहावीं. मालदीवचें घड्याळ आपल्याहून अर्धा तास मागें, मॉरिशसचें दीड तास. आणि बोटीचें घड्याळ कोणतें चालतें हें विचारून घ्यावें, कारण बोट स्वतःच्याच घड्याळानें सुटते. मॉरिशसचें नांव निघालें म्हणून सांगतों. १९०१ सालीं गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून परततांना त्यांची बोट तेथें बरेच दिवस थांबली. ते उतरले, तेथील हिंदी लोकांची स्थिति समजून घेतली, आणि एक रात्र गव्हर्नर सर चार्ल्स ब्रूस यांचे पाहुणे राहिले. बंदर म्हणजे वाट पाहण्याची जागा असें त्यांना वाटलें नाहीं. आपल्याला दिवस नव्हे तर तासच मिळतात. पण एका गोष्टीकडे मन लावून पाहावयास तास पुरतात.

राहतां राहिला सासूबाईंचा प्रश्न. भगिनी, त्यांना उतरवावें कीं नाहीं हें मी कसें सांगूं? तुम्हीहि ठरवूं नका. बोट बंदराला लागण्याच्या आदल्या दिवशीं त्यांना विचारा, आणि यादी करण्याच्या आधीं विचारा. त्या "मी बसतें, तुम्ही जा" म्हणतील. तें ऐकून लगेच उठूं नका. पुन्हां एकदां विचारा. आपल्या घरांतील वडील बायका स्वतःसाठीं कांहीं मागावयाचें असल्यास तें तिसऱ्या वेळीं मागतात. त्यांना खरोखरच विसांवा हवा असेल तर तोहि सन्मानानें द्यावा. आणि कांहीं हवें असेल तर तें बहुधा जवळचें, थोड्या खर्चाचें आणि अर्ध्या तासांत होणारें असतें. त्याच्याभोंवतीं बाकीच्यांचा दिवस सहज बसतो.

काकू आतां केजमध्येंच असतात. गुडघ्यांमुळें लांबचा प्रवास त्यांना झेपत नाहीं. शेजारच्या बायका विचारतात, "गोवा कसा होता?" त्या म्हणतात, "गाडींतून दिसला." कोचीविषयीं विचारलें कीं मात्र घोट्याकडे हात नेऊन पाणी कोठवर होतें तें दाखवितात.